मॅटला पाय लावायचा नाही

जंगलातल्या पायवाटेनं चालत गेलं की पँटला कुसळं चिकटतात. चालताना काही कळत नाही. घरी येऊन चहाला टेकलं की टोचायला लागतात, आणि मग एकेक काढत बसावं लागतं. माझ्याकडे शाळेचे किस्से असेच जमलेत. पोरांना कोलांट्या शिकवताना शिट्टी फुंकायची, मान सांभाळायची की किस्से वेचायचे? ते आपोआप चिकटले. आता निवांत बसलोय तर काढतो.

मी पीटी सर. मूळचा खानापूरकडचा. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात तीन शाळांना मिळून मी एकटा, आठवड्यातले तीन दिवस ज्या शाळेत काढतो तिची ही गोष्ट. कॅसलरॉक स्टेशनात गाडीतून उतरायचं आणि तासभर चालायचं. सातवीपर्यंतची शाळा, पोरं एकतीस, एक हेडसर, एक बाई. आणि सगळ्यांत महत्त्वाची व्यक्ती म्हणजे दुपारचं जेवण शिजवणाऱ्या रखमाक्का.

पहिल्याच वर्षी मी ठरवलं, इथं जिम्नॅस्टिक शिकवायचं. ही पोरं चालायला शिकायच्या आधी झाडावर चढतात, ओढ्यातल्या दगडांवरून न बघता पळतात. असला कच्चा माल मला शहरात जन्मभर मिळाला नसता. पालकांच्या मीटिंगमध्ये मी अर्धा तास भाषण ठोकलं. लवचिकपणा, तोल, आत्मविश्वास, सगळं सांगितलं. सगळे शांतपणे ऐकत होते. शेवटी मागं बसलेले सोमाभाऊ उठले. भातशेती करतात, एरवी जंगलखात्याच्या कामावर जातात. माणूस कमी बोलतो.

"सर, आमची पोरं उठल्यापासून उड्याच मारूलालीत," ते म्हणाले. "तुम्ही त्यांना जरा बसायला शिकवा की."

हेडसरांनी ते प्रोसिडिंगमध्ये लिहूनही घेतलं.

*

सुरुवातीला मॅट नव्हती. पण भाताच्या गावात मॅटवाचून कोण अडतंय! मळणी झाली की पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, हवी तेवढी. पोत्यांत दाबून पिंजर भरली, दाभणानं तोंडं शिवली, सहा पोती एकमेकांना बांधली. झाली मॅट. कोलांटी मारली की पोरांच्या केसांत काड्या, शर्टात काड्या. घरी गेल्यावर आया ओळखायच्या, आज पीटी होती.

एके दिवशी शाळेत पोचलो तर अंगणात कुणाचातरी बैल उभा. शांतपणे रवंथ करत होता. त्याच्या पायाशी सहा रिकामी पोती.

मी रीतसर अर्ज केला, कन्नडमध्ये. "शाळेची जिम्नॅस्टिकची मॅट बैलाने खाल्ली असल्याने नवीन मॅट मिळावी." हेडसरांनी सही करताना एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अर्जाकडे, आणि सही केली. तीन महिन्यांनी वरच्या ऑफिसातून फोन आला.

"बैल शाळेचा आहे का?"

"नाही, बाहेरचा."

"मग त्याला मॅट कुणाच्या परवानगीनं दिली?"

पण एक सांगतो, त्याच अर्जावर आम्हाला चार नव्या मॅट मंजूर झाल्या. त्या बैलाचे उपकार मी विसरणार नाही.

*

मॅट लोंढ्यापर्यंत टेंपोनं आल्या आणि तिथून कॅसलरॉकला गाडीनं. पुढं रस्ता आमच्या पायांचा. चारही मॅट एकावर एक ठेवल्या, धुळीनं मळू नयेत म्हणून पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या, दोन बांबूंना बांधल्या आणि चौघांनी खांदा दिला. पुढं मी. उन्हामुळं डोक्याला रुमाल बांधलेला. आम्ही कसे दिसतोय याचा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही.

पहिल्या वळणावर लाकडाची मोळी घेऊन येणाऱ्या दोन बाया वाटेच्या कडेला झाल्या. मोळ्या खाली ठेवल्या, हात जोडले. पुढं शेतातल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरचं मुंडासं काढलं. गावाच्या वेशीवर तर दहाबारा माणसं गप्प उभी राहिली. एकानं माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "कोण गेलं ओ सर?"

मागनं खांदेकरी सोमाभाऊच बोलले. "गेलं न्हाई. आलंय."

*

एवढ्या जणांनी वाटेत हात जोडल्यावर त्या वस्तूला नुसतं कसं उघडणार? गावानं ठरवलं, आधी पूजा.

मागची रिकामी खोली सारवली. चारही मॅट तिथं एकमेकींना चिकटवून मी स्वतः अंथरल्या. निळाशार चौक झाला. मधोमध नारळ, हळदकुंकू, झेंडूची फुलं. आमच्याकडं कुठलीही नवी गोष्ट सुरू करायची तर देवाला गाऱ्हाणं घालतात. गावातर्फे एक माणूस देवाशी मोठ्यानं बोलतो, त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तो मान गावकारमामांच्या घराकडं. मामा शाळा कमिटीचे अध्यक्षही आहेत. आवाज असा की गणेशगुडीच्या धरणापलीकडं ऐकू जावा.

"बा देवा म्हाराजा! आज आमच्या शाळंत ही निळी गादी आली हाय!"

"व्हय म्हाराजा!"

"हिच्यावर आमची पोरं उलटीपालटी व्हनार हायत. त्यांच्या मानंला, मणक्याला धक्का लागू देऊ नको!"

"व्हय म्हाराजा!"

मामा रंगात आले. बैलाचा विषय काढला, गादीला त्याची दृष्ट लागू देऊ नको म्हणाले. मग समोरच्या एकतीस पोरांच्या मातीनं भरलेल्या पायांकडं त्यांची नजर गेली असावी.

"आनि ह्या गादीला कुनीबी, कदीबी पाय लावायचा न्हाई!"

"व्हय म्हाराजा!"

एकतीस पोरं ओरडली. हेडसर ओरडले, बाई ओरडल्या. आणि खोटं कशाला बोलू, त्या नादात मीही ओरडलो.

*

दुसऱ्या दिवशी पीटीचा तास. पोरं पाय धुऊन आली आणि मॅटच्या चारी बाजूंनी भिंतीला टेकून उभी राहिली. मी शिट्टी मारली. कोणी हललं नाही.

"या पुढं."

"पाय लावायचा न्हाई, सर."

मी हसलो. समजावलं, की मामांच्या मनात चिखलाचे पाय होते. पोरांनी मान हलवली आणि जागच्या जागी उभी राहिली. म्हटलं, मीच करून दाखवतो. एक पाऊल मॅटवर ठेवलं मात्र, एकतीस पोरांनी जीभ चावली. पहिलीतला गोपाळ, उंचीनं माझ्या गुडघ्याएवढा, पुढं आला. "सर, तुम्ही पन व्हय म्हनालाय की."

मी पाय मागं घेतला. गोपाळ तिथंच उभा. "कान धरा," तो म्हणाला.

बावीस वर्षं मी पोरांना कान धरायला लावतोय. त्या दिवशी मी धरले.

संध्याकाळी गावकारमामांकडं गेलो. म्हटलं, एवढं एक वाक्य मागं घ्या. मामा सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"सर, हे काय मी पंचायतीत बोललोय, मागं घ्यायला?"

*

म्हणजे जिम्नॅस्टिकची मॅट आली आणि जिम्नॅस्टिक बंद पडलं. दोन तास असेच गेले. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकखोलीच्या दारात कपाळाला हात लावून बसलो होतो. रखमाक्का आमटीला फोडणी देत होत्या. शाळेचं सगळं त्यांना आमच्या आधी कळतं.

"काय झालं ओ सर?"

मी सांगितलं. अक्कांनी पळी आमटीत बुडवली, ढवळली, चव बघितली.

"पाय लावूक नको म्हनालेत मामा," त्या म्हणाल्या. "डोकं लावूक कोन नको म्हनालंय? देवाच्या वस्तूला डोकंच लावतात की."

मी उठलो तो थेट मागच्या खोलीत. सगळ्यांना मॅटच्या कडेला उभं केलं. पाय जमिनीवर, हात आणि डोकं मॅटवर, नमस्कार करतो तसं. आता मागच्या भिंतीच्या आधारानं पाय वर न्या. एकतीस पोरांपैकी चौदा पोरं त्याच तासाला शीर्षासनात उभी! जगात सगळीकडं पोरं आधी कोलांटी शिकतात, मग शीर्षासन. आमची उलटी शिकली.

कोलांटीचा मार्ग पोरांनीच काढला. चौकाचा कोपरा कापायचा. अलीकडं पाय जमिनीवर, हात मॅटवर, डोकं आत, गोल फिरून पाय पलीकडच्या जमिनीवर. लहान पोरं अगदी टोकाशी, मोठी जरा आतून. तशीच कार्टव्हील, म्हणजे बाजूनं मारायची चक्री: हात मॅटवर, पाय दोन्ही वेळा बाहेर. पाय कुठं पडणार हे उडी मारायच्या आधीच ठरवावं लागतं, त्यामुळं एकाचीही कोलांटी तिरकी जाईना. मी बावीस वर्षांत इतक्या सरळ कोलांट्या बघितल्या नव्हत्या. याचं श्रेय मी घेतो, पण अर्धं आमटीला जातं.

*

आता प्रमिलाबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिचं आहे.

प्रमिला सोमाभाऊंची मुलगी. सहावीत. बापासारखीच, बोलणं नाही. वाचायला उठवलं की पुस्तकाकडं बघत उभी राहायची, बाई थकून म्हणायच्या, बस. मग कुणी उठवेनासं झालं. हेडसर मनाचे चांगले, पण तेही म्हणायचे, "प्रमिलाचं काही खरं नाही." दिवसभरात तिचं नाव एकदा घेतलं जायचं, हजेरीला. ती म्हणायची "हजर सर", आणि तिचा त्या दिवसाचा आवाज संपायचा.

फक्त पीटीच्या तासाला मी ओरडायचो, "प्रमिलासारखं करा! प्रमिलाकडं बघा!" आणि तीस पोरं तिच्याकडं बघायची. तेव्हा ती कुणाकडं बघायची नाही, पण कान लाल व्हायचे. मी उगाच एक जास्तीची शिट्टी फुंकायचो.

एक गंमत मात्र मला कळत नव्हती. मी सकाळी मॅटची खोली उघडली की मॅटच्या बरोब्बर मधोमध एक ताजं फूल असायचं. कधी झेंडू, कधी जास्वंद. खिडकीला दार नव्हतं, तेव्हा आत कोणीही येऊ शकत होतं. पण कडेवरून मध्यापर्यंत माझाही हात पोचत नाही, आणि फेकलेलं फूल रोज मधोमध कसं पडेल? पोरांना विचारलं तर म्हणाली, "प्रमिला ठेवती." कसं, ते कुणाला माहीत नव्हतं. मला वाटलं, काठीनं सरकवत असेल.

*

मग शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला आले. बूट चकचकीत. मॅटकडं बघून खूश झाले आणि बुटांसकट सरळ मॅटवर निघाले. झटक्यात सात-आठ पोरं आडवी उभी राहिली, पुढं गोपाळ. साहेबांनी एकदा पोरांकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. मला पुन्हा कान धरायची इच्छा नव्हती.

साहेब परतले ते गणिताकडं. गणितात आमची शाळा कच्ची, हे मी आजही मान्य करतो. साहेब वैतागले. "पोरांना पाढे येत नाहीत आणि तुम्ही डोक्यावर उभं करताय? डोक्यावर उभं राहून पाढे येतात काय?"

"येतात की," म्हणत पाचवीतल्या नाम्यानं कडेला डोकं टेकलं, पाय वर केले आणि तेराचा पाढा सुरू केला. तेर एके तेर, तेर दुणे सव्वीस. आवाज एकदम खणखणीत. तेर सख अठ्ठ्याहत्तर. आणि थांबला. पाय वर तसेच सरळ, जराही हलत नव्हते.

"पुढं?"

"पुढचं सरळ उभं राहून पन येत न्हाई, सर."

साहेब हसले. पण हसून झाल्यावर शेरा लिहिला तो लिहिलाच. येत्या जूनपासून जिम्नॅस्टिकचा तास बंद, त्या वेळेत गणित. मी विनवणी केली. शेवटी म्हणाले, "तालुक्याच्या स्पर्धेत एक तरी नंबर आणून दाखवा. मग बघू."

दाराशी प्रमिला उभी होती. तिनं सगळं ऐकलं. त्या दिवशी रखमाक्कांनी दोनदा हाक मारूनही ती जेवायला गेली नाही. गणिताच्या तासाला तिला कोण "प्रमिलाकडं बघा" म्हणणार होतं? ते तिलाही माहीत होतं आणि मलाही.

*

स्पर्धा जोयड्याला. आमच्या एकतीस पोरांपैकी तिघंच घेऊन जायला परवानगी. नाम्या पहिल्याच फेरीत बाद झाला, दुसऱ्या मुलीचा पाय मुरगळला. उरली प्रमिला. सोमाभाऊ कामाचा दिवस मोडून आले होते, मागं एका खांबाला टेकून उभे.

तिथली मॅट बघितली. आमच्या चौकाच्या चौपट. मी प्रमिलाला बाजूला घेतलं. "हे बघ, ही मॅट आपली नाही. हिच्यावर गाऱ्हाणं घातलेलं नाही. बिनधास्त पाय ठेव."

ती मॅटकडं बघत राहिली.

"मॅट म्हनजे मॅटच की, सर. व्हय म्हटलंय मी."

व्हय तर मीही म्हटलं होतं.

नाव पुकारलं. ती कडेला जाऊन उभी राहिली. खाली वाकून हात मॅटला लावला, मग कपाळाला. कोपऱ्यावरून कोलांटी, पाय पलीकडं जमिनीवर. दुसऱ्या कोपऱ्यावरून कार्टव्हील, पाय पुन्हा बाहेर. स्वच्छ. परीक्षक तिघं होते, त्यांतल्या बाईंनी चष्मा पुसला. मग त्यांनी हात वर केला.

"बाळ, शीर्षासन मधल्या वर्तुळात करायचं. नाहीतर मार्क मिळणार नाहीत."

मॅटच्या मधोमध खडूचं वर्तुळ होतं, कडेपासून दहा-बारा फूट. प्रमिलानं वर्तुळाकडं बघितलं. मी मनातल्या मनात म्हणालो, पोरी, ठेव पाय. देवाला मी सांगतो. मामांना मी सांगतो. ठेव.

तिनं फ्रॉक सलवारीत खोचला. दोन्ही हात मॅटवर टेकले. आणि पाय वर गेले.

मग ती हातांवर चालत निघाली. एक हात, दुसरा हात. शिकवलं नव्हतं मी हे. शपथ घेऊन सांगतो, कधीच शिकवलं नव्हतं. घाई नाही, डगमग नाही, घरातल्या घरात चालावं तशी चालत वर्तुळापर्यंत गेली. रोज सकाळी ते फूल मधोमध कसं पोचतं, ते मला तेव्हा कळलं: दातांत धरून, असंच. वर्तुळात तिनं डोकं टेकलं, शीर्षासनात थांबली. बाईंनी दहा आकडे मोजले. प्रमिलानं पुन्हा हातांवर भार घेतला आणि आली तशी परत चालत निघाली. कडेला आल्यावर पाय जमिनीवर टेकले, उभी राहिली, हात सलवारीला पुसले.

परीक्षकांनी नियमांचं पुस्तक काढलं, दोनदा पानं उलटली. त्यातले एक सर म्हणाले, "मॅटला पाय लागलाच पाहिजे, असं यात कुठंच लिहिलेलं नाही."

निकालाला तासभर लागला. आम्ही सगळे खांबाशी बसून राहिलो. सोमाभाऊंनी फडक्यातली भाकरी सोडली, पण कुणी खाल्ली नाही. मग माइक खरखरला. तिसरा नंबर पुकारला, आम्ही नव्हतो. दुसरा पुकारला, आम्ही नव्हतो. सोमाभाऊंनी भाकरी परत फडक्यात बांधायला घेतली.

"पहिला क्रमांक. प्रमिला सोमा वेळीप."

प्रमिला हलली नाही. सगळं मैदान इकडंतिकडं बघायला लागलं.

"प्रमिला सोमा वेळीप," माइकवरून पुन्हा आलं.

तशी ती ताठ उभी राहिली, हात वर केला, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"हजर, सर."